काजळाखालचं लासं

मंगल सिस्टरांचं नाव आधी लिहिते. पेठेतल्या एका दवाखान्यात त्या बाळांना लस टोचायच्या. पुढं मी जे सांगणार आहे त्यात एका मुलीचा डोळा वाचला आणि तो त्यांच्यामुळं वाचला. दोन-चार घरांतून असं सांगतात की सुमनमावशीनं, म्हणजे मी, वाचवला. ते खरं नाही. माझ्यामुळं तो जायची वेळ आली होती. म्हणून त्यांचं नाव वर आणि माझी हकिकत खाली.

मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. पुण्यात आम्हाला मालिशवाली म्हणतात, मावशी म्हणतात, काही ठिकाणी नुसतं बाई. माझं गाव किनवटच्या पलीकडं, तेलंगणाच्या वेशीवर. सहावीत शाळा सुटली, कारण आई गेली आणि खालची तीन भावंडं माझ्या अंगावर आली. लग्न झालं, नवरा मंडईत हमाली करायचा, म्हणून इथं आले. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या मागं दोन वर्षं फिरले आणि तिचं काम शिकले. आज तीस वर्षं होत आली. गुडघे गेले, मनगटं दुखतात, आता सकाळी दोनच घरं घेते. ज्यांच्या दोन नातवंडांना मी न्हाऊ घातलं त्या बाई हा अंक काढतात. त्या म्हणाल्या, लिहा. मी म्हटलं, मला लिहिता येतं पण शुद्ध येत नाही. त्या म्हणाल्या, शुद्ध आम्ही करू, तुम्ही खरं लिहा. खरं लिहिणं जास्त जड गेलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी घरात शिरलं की आधी बाळ. न्हाणीघरात पाटावर बसून मी पाय लांब करते आणि बाळाला पायावर पालथं घेते. पाठीला तेल, मग उताणं, छाती, हात, पाय, शेवटी टाळू. मग गरम पाणी. पुसून, ओव्याची धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून, तीट-काजळ करून आईच्या हातात द्यायचं. ते दूध पिऊन झोपलं की बाळंतिणीचं तेल आणि शेक. सव्वा महिना तरी रोज, सोसलं तर तीन महिने.

यातली एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. बाळाचं सगळं अंग उजेडात, रोज, ठरल्या वेळी बघणारं घरात दुसरं कुणी नसतं. आई थकलेली असते. आजी स्वयंपाकात आणि आल्या-गेल्यात. बापाला तर बाळ दुपट्यातच दिसतं. डॉक्टर महिन्या-दीड महिन्यानं बघतात. मी रोज बघते. मानेच्या वळीतली, काखेतली, जांघेतली एकूण एक खूण मला ठाऊक असते.

लाल खुणा तर किती बघितल्या. आम्ही सगळ्यांना लासं म्हणायचो. मानेवर मागं, केसांच्या खाली लाल पट्टा असतो, कपाळावर भुवयांच्या मधून वर जाणारा असतो, पापण्यांवर फिका गुलाबी असतो. बाळ रडलं की तो लालबुंद होतो, निजलं की फिका. हा पुष्कळ बाळांना असतो. तोंडावरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा कधी राहतो पण केसांत झाकतो. त्याला काही करायचं नसतं.

हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं, आणि तिथंच पहिली फजिती झाली.

कसबा पेठेत एका घरी मुलगा झाला होता. घरात सगळे शिकलेले. सासरे नोकरीतून निवृत्त झालेले आणि दिवसभर घरात. बाळाच्या कपाळावर असा लाल पट्टा होता आणि ते रडायला लागलं की पेटल्यासारखा दिसायचा. मी घाबरून म्हटलं, दादा, डॉक्टरांना दाखवून घ्या, रक्ताचं काही असेल. रिक्षा करून सगळं घर डॉक्टरांकडं गेलं. दुसऱ्या दिवशी मी दार वाजवलं तर सासऱ्यांनीच उघडलं.

"बाई, आपलं शिक्षण किती?"

"सहावी."

"मग सातवीपासून पुढचं आमच्यावर सोडा. डॉक्टरांनी हसायचे वेगळे पैसे घेतले नाहीत, एवढं नशीब."

आतून त्यांची सून म्हणाली, "अहो बाबा, काळजीनंच सांगितलं ना त्यांनी."

"काळजी आहेच. ती करायला घरात पाच माणसं आहेत. यांनी तेल लावावं."

दोन दिवसांनी त्यांनी दुसरी बाई बघितली. आमचं काम एका घरातून दुसऱ्या घरात शब्दानं जातं. त्या आळीतली पुढची दोन घरंही मला आली नाहीत. माझी पोरं लहान होती आणि नवऱ्याची पाठ धरलेली. मी मनाशी ठरवलं की यापुढं काही दिसलं तरी बोलायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचं, जातं आपोआप.

या वाक्यानं घरं टिकतात. आजीला बरं वाटतं, आईला झोप लागते. शिवाय ते बहुतेक वेळा खरंच निघतं, त्यामुळं मला ते खोटं वाटेनासं झालं.

एका घरी मुलाच्या उजव्या गालावर जांभळट लाल सपाट डाग होता, जन्मापासून, डोळ्याच्या कडेपासून ओठापर्यंत. सासू सुनेला ऐकवत होती, "ग्रहणात भाजी चिरलीस, सांगत होते." सून खाली मान घालून बसायची आणि रडायची. मलाही विचारलं, "काय हो मावशी, असंच असतं ना?" मी मान डोलावली. डोलावली म्हणजे हो म्हटलं. नंतर मंगल सिस्टरांनी मला सांगितलं की ग्रहणाचा आणि त्याचा काही संबंध नाही, पोटात असतानाच कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या तिथं रुंद राहतात. तो डाग आपोआप जात नाही, मुलाबरोबर वाढतो. लेसरनं पुष्कळ फिका होतो, आणि ते लहानपणी केलेलं बरं. कपाळावर किंवा डोळ्याभोवती असला तर डोळा आणि डोकंही तपासून घ्यावं लागतं. पण हे कळेपर्यंत ते घर सुटून दोन वर्षं झाली होती. त्या सुनेची मान अजून माझ्या डोळ्यांपुढं येते.

आता त्या मुलीचं सांगते. घरचं नाव बदलते. तिच्या आईला अश्विनी म्हणू.

अश्विनीचं माहेर कसब्यात. वडील तांब्या-पितळेची भांडी घडवायचे, खाली दुकान आणि वर राहायचं. सासर शहराला आता जोडलेल्या एका गावातलं, शेतीवालं, जमिनी रस्त्यात गेलेलं आणि त्यामुळं एकदम मोठं झालेलं घर. पहिलं बाळंतपण माहेरी. अश्विनीच्या आईला मी काकू म्हणायचे. काकू स्वभावानं चांगल्या, पण विहीणबाईंना फार भ्यायच्या. लग्नात मानपान कमी पडला होता आणि ते त्यांना तीन वर्षं ऐकावं लागत होतं.

मुलगी झाली. जन्मली तेव्हा अंगावर काही नव्हतं. नवव्या दिवशी टाळूला तेल लावताना मला डाव्या वरच्या पापणीवर डास चावल्यासारखा ठिपका दिसला. मी काकूंना दाखवला. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि सासरची तीस-पस्तीस माणसं येणार होती.

काकू म्हणाल्या, "आधीच मुलगी झाली म्हणून तोंडं वाकडी आहेत. त्यात डोळ्यावर लासं. सुमनबाई, काजळ जरा वरपर्यंत घाला."

काजळ घालायचं काम माझंच. मी दोन्ही पापण्यांवर सारखं घातलं, म्हणजे कुणाच्या डोळ्यात येऊ नये. विहीणबाईंनी बाळ मांडीवर घेतलं, चेहरा बघितला. म्हणाल्या, "काजळ लय फासलंय. पोरगी हाय का नाटकातली नटी हाय?" सगळे हसले, काकूही हसल्या. बारसं पार पडलं.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण जावई दर रविवारी येत, फोटो काढून गावाकडं पाठवत. मग काजळ रोजचंच झालं. रोज सकाळी तेलाच्या बोळ्यानं कालचं काजळ मी पुसायची, त्याखालची पापणी बघायची, आंघोळ झाली की पुन्हा काळं करायची आणि बाळ आईकडं द्यायची. काजळाविना तो डोळा सगळ्या दिवसात अर्धा तास उघडा असायचा, आणि तो अर्धा तास माझ्या पायावर.

तिसऱ्या आठवड्यात ठिपक्याचा तुरीच्या डाळीएवढा लाल उंचवटा झाला. चौथ्या आठवड्यात तो पिकलेल्या करवंदासारखा फुगला. पाचव्यात पापणीच्या कडेपर्यंत आला. अश्विनीला दिसत नव्हतं असं नाही, पण पहिलटकरीण, तिला काय ठाऊक. एकदा शेक घेता घेता तिनं मला विचारलं,

"मावशी, ते मोठं झाल्यासारखं वाटतंय का हो?"

मी म्हटलं, "काजळ पसरलंय गं. त्यानं मोठं दिसतं."

हे मी म्हटलं. या लेखात दुसरं काही आलं नाही तरी चालेल, पण हे आलं पाहिजे.

दीड महिन्याची लस आली. काकू म्हणाल्या, "दवाखान्यात चार ओळखीचे भेटतात, जरा दाट घाला." मी दाट घातलं. मंगल सिस्टरांसमोर त्या दिवशी बाळांची रांग होती. त्यांनी मांडीला सुई दिली, कार्डावर लिहिलं, म्हणाल्या, "काजळ घालू नका, डोळ्याला बरं नसतं." हे त्या प्रत्येकीला म्हणायच्या आणि प्रत्येक जण हो म्हणून घरी जायची. पुढचं बाळ मांडीवर आलं.

त्यानंतर सात-आठ दिवसांनी मी टाळू भरत होते. टाळू भरताना माझा एक तळवा बाळाच्या कपाळावर असतो आणि बोटं डोळ्यावर उतरतात. त्या दिवशी बोटं उजव्या, चांगल्या डोळ्यावर होती. मुलगी डोकं झटकायला लागली, कण्हायला लागली. मी हात फिरवून डाव्या डोळ्यावर ठेवला. ती गप्प, आणि उजव्या डोळ्यानं खिडकीकडं बघत राहिली. पुन्हा उजवा झाकला. पुन्हा झटकली. तीनदा केलं. चांगला डोळा झाकला की तिच्यापुढं अंधार होत होता. दुसऱ्यातून तिला काही दिसत नव्हतं, पापणी जड होऊन बुबुळावर आली होती.

मी बाळ पुसलं, धुरी दिली. आणि हाताला सवय म्हणून काजळ घातलं. लिहितानासुद्धा लाज वाटते.

तिथून घरी न जाता दवाखान्यात गेले. मंगल सिस्टरांची माझी ओळख जुनी, माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच टोचलं होतं. त्या बर्फाच्या डब्यात बाटल्या लावत होत्या. मी म्हटलं, सिस्टर, एका बाळाच्या पापणीवर लाल लासं आहे, डोळा झाकतो त्यानं. जातं ना आपोआप?

त्यांनी डबा बंद केला. "कधीपासून आहे?"

"दिसलं आत्ताच." खोटं बोलले.

"मोठं आहे?"

"हो."

"ऐक. जन्मल्यावर पंधरा-वीस दिवसांत उगवतं आणि भराभर फुगतं, ती रक्तवाहिन्यांची गाठ. पाठीवर, दंडावर, बारीक असली तर बघत बसायची. पाच-सहा महिने वाढते आणि मग काही वर्षांत आपोआप विरते. पण डोळ्यावर, नाकावर, ओठावर, हनुवटी-गळ्याकडं, लंगोटाच्या जागेवर, कंबरेच्या मधोमध, किंवा मोठी असली, फुटली, किंवा अंगावर पाचाहून जास्त असल्या तर थांबायचं नाही. महिन्याच्या आतच दाखवायचं. डोळ्यावर असली तर त्याच दिवशी. कुणाचं बाळ?"

मी पिशवी उचलली. 

"घर जाईल म्हणून भितेस?"

"हो."

"तुझं नाव कशाला सांगायचं. पत्ता सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला पायावर घेतलेलं असताना जिन्यावरून त्यांचा आवाज आला. खांद्याला पोलिओचा डबा, हातात नखावर खूण करायचा पेन. त्या आठवड्यात डोसाची फेरी नव्हती, पण घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकू म्हणाल्या, "बाळ न्हातंय हो, बसा."

"न्हातंय तर बरंच झालं, तिथंच बघते," म्हणत त्या सरळ न्हाणीघराच्या दारात आल्या. मी कालचं काजळ पुसून नुकतीच मोकळी झाले होते. डोळा उघडा होता. त्या माझ्याकडं बघितल्याच नाहीत, जशी ओळखच नाही.

"हे काय आहे डोळ्यावर?"

काकू पुढं आल्या. "लासं आहे. जातं ना ते, बाई म्हणतात."

"बाई काय म्हणतात ते राहू दे. आज कपडे करा आणि सरकारी इस्पितळात चला. कातडीचे आणि डोळ्याचे, दोन्ही डॉक्टर बघतील. मी येते बरोबर."

"आज? विहीणबाईंना विचारल्याशिवाय..."

"विहीणबाईंचा डोळा आहे का?"

अश्विनी ओल्या केसांनी आतून आली आणि माझ्या पायावरून तिनं बाळ उचललं. ती नेसत्या कपड्यांनीच निघाली.

इस्पितळात मीही गेले, पिशवी धरायला. डोळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अश्विनीला सांगितलं की डोळा जन्मतः बघायला शिकलेला नसतो. पहिल्या काही महिन्यांत तो शिकतो. पापणीनं तो झाकून राहिला तर शिकायचं राहतं, आणि मग पुढं गाठ विरली, पापणी मोकळी झाली, तरी मेंदू त्या डोळ्याकडून काही घेत नाही. शिकायचं वेळेला राहिलं की राहिलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अजून उशीर झालेला नाही," त्या म्हणाल्या. "पण आधी आणायला हवं होतं."

हृदय तपासलं, साखर तपासली आणि औषध सुरू केलं. मोठ्या माणसांना ब्लडप्रेशरसाठी देतात तेच औषध, बाळाच्या वजनावर मोजून. पहिले दोन दिवस इस्पितळात ठेवून घेतलं. दूध पाजल्याशिवाय डोस द्यायचा नाही, बाळाला उलट्या-जुलाब असले किंवा ते दूध पीत नसलं तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं, असं अश्विनीला तीनदा बजावलं. आठवडाभरात गाठीचा लाल रंग मळकट झाला, ती मऊ पडली. तीन आठवड्यांत पापणी उचलली गेली. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे दुसऱ्यानं काम करावं. ती पट्टी लावली की मुलगी रडून आकांत करायची आणि अश्विनी तिला घेऊन गच्चीवर फिरायची. कित्येक महिने ते चाललं.

सासरी कळायचं ते कळलंच. विहीणबाई, जावई आणि त्यांचे दोन चुलते एका दुपारी आले. मी अश्विनीचं उरलेलं तेल करायला थांबले होते आणि आतल्या खोलीत होते. बाहेरचा एकेक शब्द ऐकू येत होता.

"काजळ कुणी फासलं व्हतं?" विहीणबाईंचा आवाज.

काकू म्हणाल्या, "तशी पद्धतच असते."

"आन दवाखान्यात नेलं तवा? तिथली बाई काय आंधळी हाय? लस टोचती आन पोरीचं त्वांड बघत न्हाई?"

घरात भांडण मिटलं ते असं, की दोन्ही घरांना बाहेरचं माणूस सापडलं. दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. चुलत्यांपैकी एक नगरसेवकाच्या ओळखीचा होता. लेखी तक्रार झाली. दीड महिन्याच्या लशीला आणलं तेव्हा नर्सनं बाळ बघितलं नाही, म्हणून उशीर झाला. सिस्टरांना वरून कागद आला, खुलासा द्या.

मी गेले त्यांच्याकडं. त्या टेबलाशी बसून खुलासा लिहीत होत्या.

"काय लिहिता?"

"खरं ते. गर्दी होती, काजळ होतं, पुसून बघायला हवं होतं, बघितलं नाही."

"तुमची काय चूक?"

"माझ्या मांडीवर होतं ना बाळ, सुमन. मी पुसलं नाही." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "तू ओळखलंस म्हणून निभावलं. दिसल्या दिवशी आलीस तू. माझ्या नोकरीत अशा बाया दोन-तीनच भेटल्या."

तेव्हा बोलायचं होतं. सांगायचं होतं की दिसल्या दिवशी नाही, चाळीस दिवसांनी आले. ते दाट काजळ याच बोटानं घातलं होतं, आणि आईनं विचारलं तेव्हा मी तिला गप्प केलं होतं. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले आणि म्हटलं, "चहा आणू का?"

त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडली असं पुढं कंपाउंडरकडून कळलं. त्या मला कधी बोलल्या नाहीत.

बोलल्या ते दुसरंच. महिन्याभरानं त्यांनी मला साडीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक दिलं, हाताच्या पंजाएवढं कापलेलं, आणि बॉलपेन.

"लाल काही दिसलं की हे वर धरायचं आणि कड गिरवायची. कातडीला दाबायचं नाही. खाली तारीख. आठ दिवसांनी त्यावरच पुन्हा गिरवायचं. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गप्प बस. नवी रेघ बाहेर गेली तर बाळाच्या आईला दाखव."

"आणि त्या म्हणाल्या, तू कोण सांगणारी?"

"तू कुठं काही सांगतेस? तू रेघ दाखवतेस."

तेव्हापासून माझ्या पिशवीत तेलाच्या बाटलीशेजारी प्लास्टिकचे तुकडे असतात. पुण्यातल्या माणसांना बाईचं ऐकायचं जड जातं, पण कागदासारखं काही पुढं केलं की ती चष्मा शोधतात. एक आजोबा तर तुकडा उजेडाला धरून म्हणाले, "बाई, नकाशा चांगला काढलात, गाव कुठलं?" आणि दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन गेले. त्याच्या ओठावर होतं, वेळेत औषध लागलं. काजळ मी सोडलं. मागितलं तर म्हणते, माझ्याकडचं संपलं. फार आग्रह झाला तर कानामागं तीट लावते. लाल खुणेवर पीठही चोळत नाही, तेलही जिरवत नाही. पूर्वी तेही करायची.

सगळ्याच वेळी रेघ उपयोगी पडते असं नाही. दोन घरांनी माझ्यादेखत तुकडा केरात टाकला. एका बाळाची लंगोटाखालची गाठ फुटून चिघळली तेव्हा मला निरोप आला, की तुमच्या रेघेनंच नजर लागली. अशा दिवशी घरी येऊन मी नुसती बसते. हे काम आता ओढवत नाही.

अश्विनीची मुलगी चष्मा लावते. डावा डोळा उजव्याएवढा तेज नाही, पण त्यानं ती वाचते, रस्ता ओलांडते. पापणीवर आता सुरकुतलेली फिकी कातडी राहिलीय, सांगितल्याशिवाय कळत नाही. काकू वाटेत भेटल्या की लोकांना सांगतात, या सुमनबाईंनी ओळखलं बरं का. मी पुढं सटकते.

मंगल सिस्टर निवृत्त होऊन साताऱ्याकडं भावाच्या गावी राहायला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. जिना चढताना त्या दोन्ही हातांनी कठडा धरतात. मी म्हटलं, बसा, गुडघ्यांना तेल लावते. त्यांनी पाय आखडून घेतले.

"नको गं. मला सवय नाही कुणी अंगाला हात लावायची."

"बाळंतपणात लावलं असेल ना कुणी?"

"कुणी लावायचं? आई नव्हती, सासर दूर. दोन्ही वेळा नर्सांना राहायला दिलेल्या खोलीत एकटी होते. पाणी मीच तापवायचे आणि मीच घ्यायचे. तुम्ही घालता तसं न्हाणं मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातच बघितलं."

त्या हसून सांगत होत्या. मी पिशवीतून बाटली काढली होती, ती पुन्हा आत ठेवली. त्यांनी पिठलं-भाकरी जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं, आणि शेजारणीला माझी ओळख करून दिली की हिनं दिसल्या दिवशी येऊन सांगितलं म्हणून एका पोरीचा डोळा राहिला. यावेळीही मी काही बोलले नाही.

सध्या हाताशी दोन बाळंतिणी आहेत. दुसरीचा सव्वा महिना झाला की नवं घर घेणार नाही. साताऱ्याला जाणार आहे, चाळीस दिवसांच्या बोलीनं. सिस्टर, हा अंक तुमच्यापर्यंत आधी पोचला तर तुम्हाला चाळीस दिवसांचं काजळ इथंच कळेल. नाही पोचला तर दारात उभी राहून मी तोंडानं सांगेन, बसायच्या आधी. तुम्ही आत घेतलंत तर दुसऱ्या दिवशी पाणी मी तापवीन. तुम्ही पाटावर बसायचं, डोक्यापासून तळपायापर्यंत तेल माझं, आणि मग अंगावर शालीची ऊब घेऊन निजायचं, उठायचं नाही. दोन्ही बाळंतपणांचं.